सुमोच्या जिवावर उभी राहिलेली आमची २०६

वडापवाल्यांनी, म्हणजे खासगी गाडीतून माणसं भरून नेणाऱ्यांनी, सुमो गावोगाव पोचवल्या नसत्या, तर आमची टाटा २०६ आज रस्त्यावर नसती. टाटा मोबाइल २०६ हा टाटांचा पहिला पिकअप, १९८८ चा. त्याच्याच पायावर पुढे १९९१ ला सिएरा, १९९२ ला इस्टेट आणि १९९४ ला सुमो आली. सिएराचे भाग आता हौशी लोक सांगाल त्या भावानं उचलतात. सुमोचं तसं नाही. वडापला झिजून भंगारात गेलेल्या सुमो सांगली-मिरजेकडं एवढ्या आहेत, की त्यांचे भाग अजून वजनावर मिळतात. जुन्या सुमोत आणि २०६ मध्ये इंजिन एकच, ४८३. चार सिलेंडर, ८३ मिलिमीटरचा बोअर (सिलेंडरचा आतला व्यास), १९४८ सीसी. टाटाच्या इंजिनाचा नंबर असाच वाचायचा. टाटांच्याच २०७ डीआय पिकअपचं ४९७ म्हणजे चार सिलेंडर, बोअर ९७ चा.

गाडी सासऱ्यांची. आधी दूध, मग खत वाहून वाहून थकलेली. त्यांनी ती शेडमध्ये लावली ती लावलीच. कोंबड्या तिच्या हौद्यात अंडी घालायच्या. माझी जयसिंगपूरजवळ भाजीपाला आणि उसाच्या रोपांची नर्सरी आहे, आणि सीझनला भाड्याच्या टेम्पोवर जाणारा पैसा बघून दरवर्षी पोटात दुखायचं. नवा पिकअप घ्यावा तर हप्ता बारा महिने, धंदा सहा महिने. म्हणून ठरवलं, हीच बांधायची. मर्यादा दीड लाखाची.

मिस्त्रीमामा पहिल्यांदा बघायला आले आणि म्हणाले, "वहिनी, भंगारात घाला की. कशाला जिवाला घोर?"

मी म्हटलं, "मामा, आधी चेसिस बघा. चेसिस गेली असंल तर तुमचं ऐकते."

ते हातोडी घेऊन खाली सरपटत गेले. चेसिसवर ठोकत जायचं. पत्रा जाड असेल तिथं टणटणीत आवाज येतो, आतून खाल्लेला असेल तिथं बद्द येतो आणि गंजाचे पापुद्रे डोळ्यांत पडतात. पुढचा भाग ठणठणीत निघाला. मागच्या ॲक्सलच्या वर, जिथं चिखल साचून राहतो, तिथं एक आडवा तुकडा गेलेला. हौद्याचा तळ मात्र युरियानं पार चाळण केलेला. पोत्यातून सांडलेला युरिया ओल धरतो आणि लोखंड खातो, हे इथं कुणाला सांगायला नको. आडवा तुकडा कापून नवा वेल्डिंग केला, तळाला चेकर प्लेट टाकली आणि खालून सगळं रेड ऑक्साइड मारून काळं कोटिंग केलं. लोक हे सगळ्यात शेवटी करतात, कारण ते दिसत नाही.

इंजिन मामांनी उतरवलं आणि आम्ही ते कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं. उद्यमनगराबद्दल मी काय सांगणार! एका गल्लीत क्रँक घासून मिळते, दुसरीत हेड प्लेन करून, आणि चहावाल्यालासुद्धा कुठली लेथ बरी ते ठाऊक असतं. बोअर मोजला, अजून मापात होता. रिंगा, बेअरिंगा, गॅसकेट एवढ्यावर निभावलं. नोझल, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी तोटी, टेस्टरवर लावले तेव्हा तीन नोझल धुक्यासारखा बारीक फवारा मारत होते आणि चौथा नुसता गळत होता. गाडी पांढरा धूर का मारत होती ते तिथंच कळलं. हीटर प्लगही चारही नवे टाकले. हे इंजिन थेट सिलेंडरमध्ये डिझेल मारणारं नाही, त्यामुळं थंडीच्या सकाळी हीटर तापल्याशिवाय ते जागचं हलत नाही. नुसता सेल्फ मारत बसलं तर बॅटरी मरते. इंजिनाचे एकूण अठ्ठेचाळीस हजार झाले. सगळ्यात मोठा खर्च हाच.

खरेदीला माझा एकच नियम होता. लोखंड जुनं चालेल, रबर आणि ब्रेक नवेच. गिअरबॉक्सचं झाकण, पाट्यांचे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) शॅकल, रेडिएटरचा पंखा, डायनामो हे सगळं सुमोचं, जुनं. पण होज, सील, बुश, मास्टर सिलेंडर, ब्रेक लायनर नवे. दुकानदार "ताई, हा मास्टर सिलेंडर चांगल्या कंडिशनचा आहे" म्हणाला, तेव्हा मी नुसती हसले.

डायनामोचं जरा सांगते, कारण यात माणसं फसतात. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नसतो, त्यामुळं पेडल हलकं करणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्युम वेगळ्या पंपानं तयार करावा लागतो, आणि या गाड्यांत तो पंप डायनामोच्या मागं बसवलेला असतो. डायनामो लाइट देतोय म्हणून घेऊन आलात आणि पंप झिजलेला असला, तर ब्रेक दगडासारखा कडक. घरी तपासायचं असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, मग पाय तसाच दाबून धरून गाडी चालू करायची. पेडल थोडं खाली बसलं तर पंप ठीक. नाही बसलं तर आधी पंप आणि त्याची नळी बघायची.

रंगाबद्दल फार नाही. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरली, प्रायमर मारला, आणि आरसी बुकात आहे तोच पांढरा दिला. रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. पोराला जाड टायर आणि पुढं लोखंडी गार्ड हवा होता. मी त्याला सांगितलं, गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करा असं केंद्रानं राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलंय, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही कलम ५२ वर बोट ठेवून सांगितलंय की कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. पोरगा फुगून बसला. शेवटी त्याला डॅशबोर्डवर एक स्पीकर दिला.

आमची नोंदणी मालवाहू, म्हणजे या वयाला फिटनेस दरवर्षी. थकलेला कर आणि पर्यावरण कर भरला, रिफ्लेक्टर पट्ट्या लावल्या, पियूसी काढली. ही कामं सुरुवातीलाच हिशोबात धरा, नाहीतर गाडी तयार होते आणि कागदावर अडते.

माझं खरं काम हौद्यात होतं. ट्रे एकावर एक ठेवले की खालची रोपं चेंगरतात, आणि उघडे नेले तर वाऱ्यानं मिरचीची पानं जयसिंगपूर सोडायच्या आत मान टाकतात. म्हणून अँगलची तीन कप्प्यांची मांडणी करून घेतली, हौद्याच्या मापातच आणि फक्त बोल्टवर. पाना घेतला की निघते, मग पुन्हा खताची पोती टाकायला हौदा मोकळा. दोन कप्प्यांत वीतभर अंतर ठेवलं, बाजूंना हिरवं शेडनेट लावलं आणि पुढं केबिनच्या मागं जाड ताडपत्री, कारण वारा केबिनवरून येऊन तिथंच आत घुसतो. मागचा फाळका साखळीवर आडवा राहतो. शेतकरी आला की ट्रे त्यावर ठेवून मोजून द्यायचे. मांडणीला अकरा हजार गेले आणि तेवढे भाड्यात कधी सुटले ते कळलंही नाही.

दीड लाखाच्या आत बसलं सगळं, थोडे उरलेसुद्धा. मागचे पाटे मात्र अजून जुनेच आहेत. भरलेल्या गाडीला ठीक, रिकामी असली की खड्ड्यात पाठ मोडते. घरचे म्हणतात आधी सीट कर. मामा म्हणतात आधी पाटे. उसाचं बिल येऊ दे, मग बघू कोण जिंकतंय.