‘ताई आहेच की त्याला’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. धाकटा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, मग थोरलीचं कसं होतं? नातेवाईक, शाळेतल्या बाई, थेरपीच्या बाकावर शेजारी बसलेल्या आया, सगळेच हे विचारतात.

खरं सांगायचं तर आम्ही दोघं एकत्र तिच्या वाट्याला क्वचितच येतो. गॅदरिंगला एक जण जातो, दुसरा घरी थांबतो. लग्नात बँड सुरू झाला की धाकटा कानांवर हात घट्ट दाबतो आणि गोल फिरायला लागतो. मग एकाने त्याला घेऊन बाहेर पडायचं. आम्हा नवराबायकोचं बोलणंही बहुतेक वेळा ‘उद्या कोण सुट्टी घेणार’ एवढ्यावरच संपतं.

आल्यागेल्याच्या चपला तो दाराशी मापाप्रमाणे ओळीत लावतो. कुणी मधलीच जोडी ओढून घेतली की घर डोक्यावर घेतो. म्हणून लेक मैत्रिणींना दारातच सांगते, ‘चपला हातात घेऊन आत ये.’ कुकर लावायच्या आधी ती त्याला गॅलरीत नेते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. लोक म्हणतात, ‘किती समजूतदार पोर!’ मला ते ऐकवत नाही. समजूतदारपणाचं फार कौतुक झालं की मुलीला चिडायची सोयच उरत नाही. त्याने तिच्या जर्नलची पानं फाडली तेव्हा ती ओरडली, रडली. ‘अगं, त्याला कळत नाही’ असं मी म्हटलं नाही. तिची मेहनत वाया गेली होती, तिने चिडायलाच हवं होतं. रात्री बाबांनी तिच्याबरोबर बसून आकृत्या पुन्हा काढल्या.

सगळ्यात जिव्हारी लागतं ते ‘तुमच्यानंतर ताई आहेच की त्याला’. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे १८ वर्षांनंतर अशा मुलासाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. आईवडील करू शकतात, नातेवाईक करू शकतात, नोंदणीकृत संस्थाही करू शकते. बहिणीनेच जन्मभर सांभाळावं असं कायदासुद्धा म्हणत नाही. मग आपण शाळकरी पोरीच्या तोंडावर ते कशाला बोलायचं? पुढे तिला मनापासून वाटलं तर ती करेल. ते तिने मोठी झाल्यावर ठरवायचं.

तिला बारावीनंतर बाहेरगावी शिकायचंय आणि आम्ही ‘जा’ म्हटलंय. ‘मग याचं कोण बघणार?’ असं मामाने विचारलं, तेव्हा तिचे बाबा म्हणाले, ‘आत्ता कोण बघतंय? आम्हीच ना?’

त्याला कुठलाही बदल आधी डोळ्यांनी दिसावा लागतो. दात घासण्यापासून झोपेपर्यंतचा त्याचा दिवस भिंतीवर चित्रांत लावलेला आहे. आता त्याच्याखाली ताईच्या जाण्याचा तक्ता करतोय: बॅग, स्टेशन, हॉस्टेल, व्हिडिओ कॉल. कॉलचं चित्र रोजच्या रकान्यात लावायचं की फक्त रविवारच्या, ते तिच्यावर सोडलंय.