वानरांना तिथे दम कसा लागत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो, त्यात आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे उपवनच्या सकाळच्या फेरीत माकडांविषयीच्या सगळ्या तक्रारी माझ्याकडेच येतात. पण उत्तराखंडला जाऊन आलेला प्रत्येक जण हमखास एकच विचारतो, "सर, आम्हाला चार पावलांत धाप लागत होती आणि वानरं खुशाल उड्या मारत होती. त्यांना दम कसा लागत नाही?"

मलाही हे तुंगनाथच्या वाटेवरच सुचलं होतं. डोकं ठणकत होतं, दर वळणावर बसत होतो. आणि चोपत्याला एक दांडगं वानर बर्फात बसून झाडाची साल सोलून खात होतं. माझ्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

आता दमाचं. 4,000 मीटरवर हवेचा दाब आपल्या खाडीकाठच्या दाबाच्या साधारण 60 टक्केच उरतो. आपण ठाणेकर तिथे गेलो की शरीर हळूहळू तांबड्या पेशी वाढवायला लागतं. उपाय तात्पुरता बरा, पण रक्त दाट झालं की ते ढकलताना हृदयाची दमछाक होते. पिढ्यान्‌पिढ्या वर राहणारे काही जण मात्र या वाटेला फारसे जात नाहीत. इथिओपियाच्या डोंगरांत गेलाडा नावाची माकडं राहतात, रात्री कड्यांच्या कपारीत झोपतात. 2022 मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं हिमोग्लोबिन वाढलेलं नव्हतंच; छातीचा घेर मात्र अंगाच्या मानानं मोठा निघाला. तिबेटी माणसांचं हिमोग्लोबिनही उंचीच्या मानानं कमीच राहतं.

पण खरं सांगू? माझ्या मते प्रश्नच अर्धा आहे. दम सोडा, थंडीत तिथे खायचं काय, ते विचारा.

गेलाडा चक्क गवत खातात. जमिनीवर बसून दोन्ही हातांनी खुडत, बूड सरकवत पुढे जातात. चीनच्या युनानमधलं काळं-पांढरं चपट्या नाकाचं माकड त्याहून वरचढ. 3,000 ते 4,500 मीटरवरच्या सूचिपर्णी रानात हिवाळ्यात पालाही मिळेनासा होतो, तेव्हा ते फांद्यांवरून दाढीसारखं लोंबणारं दगडफूल खातं. आपण गोड्या मसाल्यात टाकतो त्याचंच भावंड ते. पोटात कप्पे असतात, तिथले जिवाणू ते आंबवून पचवतात. येऊरच्या काळ्या तोंडाच्या वानराचं पोटही याच घडणीचं, म्हणून ते नुसत्या पाल्यावर निभावतं. दगडफूल वाढतं कूर्मगतीनं. एक जागा ओरबाडली की टोळीला पुढचं रान गाठावं लागतं.

त्याचं नाक थंडीनं झडू नये म्हणून चपटं, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. त्याचाच एक चुलतभाऊ व्हिएतनामच्या उष्ण जंगलात राहतो, नाक तसंच चपटं!

शेपटीचं मात्र पटतं. लांब, बारीक अवयवांतून ऊब लवकर जाते. तवांगकडचं मुनझाला माकड, ज्याची विज्ञानाला ओळख झाली 2005 मध्ये, आखूड शेपटीचं आणि दाट केसांचं आहे. आपल्या लाल तोंडाच्या माकडाची शेपटी अंगाएवढी लांब.

मग येऊरचं हे लाल तोंडाचं माकड वर नेलं तर? हाही प्रश्न ठरलेलाच. दोन हजार मीटरवर चालेल. उटीच्या तुमच्या फोटोंत वेफर्स हिसकावणारं हेच ते. त्याच्याही वर, जानेवारीत, बर्फाखाली ना फळ ना किडा, अन् पोटात कप्पे नाहीत. दमाचं एक वेळ निभावेल, पण उपाशी मरेल.

दगडफूल मी एकदा नुसतंच चावून पाहिलंय. मसाल्यातच बरं.