चटईवरची भाकरी

इजिप्तमधल्या अबू गुराबला पर्यटक फारसे फिरकत नाहीत. अबुसीरच्या पिरॅमिडांच्या थोडं उत्तरेला, वाळवंटाच्या कडेवर, लांबून नुसता दगडांचा ढिगारा दिसतो. पाचव्या राजवंशातल्या न्युसेर्रे राजाचं हे सूर्यमंदिर, साधारण इ.स.पू. २४०० चं. इथला बुटका, जाडजूड ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होत जाणारा चौकोनी स्तंभ, केव्हाच कोसळलाय. मी आलो होतो अंगणातल्या वेदीसाठी.

अलाबास्टरचे पाच प्रचंड दगड. मधला गोल, त्याच्या चार बाजूंना चार. त्या चारांतला कुठलाही एक बघा: लांबट पट्टा आणि बाहेरच्या कडेवर मधोमध एक फुगवटा. उन्हात पांढरा दगड डोळ्यांत खुपत होता, म्हणून हाताची सावली करून पाहिलं आणि लख्खकन ओळख पटली. अरे, हे तर अक्षर आहे! बोरूच्या चटईवर ठेवलेली भाकरी. वाचायचं 'हेतेप' किंवा 'होतेप'. प्राचीन इजिप्शियन लिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे ह-त-प एवढंच पक्कं.

अर्थ? अर्पण, नैवेद्य. पण तृप्त होणं, शांत होणं आणि सूर्याचं मावळणंही. आपणही भूक 'शांत' करतोच की! आमेनहोतेप म्हणजे 'आमून देव तृप्त आहे', इमहोतेप म्हणजे 'जो शांतीने येतो'. इथे चारही दिशांना तोंड करून रे या सूर्यदेवाला तेच सांगितलंय: तृप्त हो.

दुसऱ्या दिवशी सक्कारातल्या थडग्यांमध्ये हाच शब्द पदोपदी भेटला. 'हेतेप दी नेसू', राजाने दिलेलं अर्पण. गंमत म्हणजे लिहिताना मानापायी 'राजा' आधी येतो, वाचताना मात्र शेवटी. पुढे मागणी: हजार भाकऱ्या, हजार घागरी बिअर, बैल, पाखरं, वस्त्रं. हजाराची खूण म्हणजे कमळाचं पान आणि देठ. प्रत्यक्ष काही आणायची गरज नाही. येणाऱ्याजाणाऱ्याने मोठ्याने म्हटलं की मृताला पोचलं. या अर्पणाचं नावच 'पेरेत-खेरू', म्हणजे आवाजाचं बाहेर पडणं.

आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी अडखळत म्हणून टाकलं. उच्चार नक्कीच चुकले असणार. मागून रखवालदाराचा खोकला ऐकू आला. त्याने काही विचारलं नाही, डब्यातली अर्धी भाकरी मोडून पुढे केली आणि म्हणाला, "ऐश." तिकडच्या बोलीत भाकरीला हेच म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ, जगणं.