अख्खी साल

जानेवारीतली दुपार, जेवणं झालेली, आणि मी खिडकीत बसून किनो, ते संत्र्यासारखं दिसणारं फळ, सोलत होते. सोलत कसली, ओरबाडत होते. साल निघतच नव्हती आणि निघाली तर नखाएवढा तुकडा, त्यालाही फोडीचा पापुद्रा चिकटलेला, रस मनगटावरून थेट कोपरापर्यंत. पाचव्या तुकड्याला माझं डोकंच फिरलं. नवरा म्हणाला, अगं खायची फोड, सालीकडे काय बघतेस? आता त्याला काय सांगणार, तो साताऱ्याचा.

आमच्याकडे नागपुरात तो संत्रा. पुण्यात आल्यावर त्याचं ते संत्रं झालं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. नागपुरी संत्र्याची साल अंगाला चिकटून बसत नाही, ढगळ सदऱ्यासारखी असते, देठापाशी अंगठा घातला की आतून सुटी होत जाते. २०१४ मध्ये त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते चवीबिवीसाठी असेल, माझं मत विचाराल तर एकट्या सालीवरच द्यायला हरकत नव्हती. पण संत्र्याचा एक हंगाम, आंबिया बहार, डिसेंबरात आटपत येतो, दुसऱ्या, मृग बहाराचे संत्रे यायला फेब्रुवारी उजाडतो, आणि मधल्या पोकळीत पंजाबातून हे किनो येऊन हातगाडीवर चमकत बसतात. रंग बघून मी दरवर्षी फसते.

मला अख्खी साल लागते. हा रोगच आहे म्हणा ना. आणि तो आजीने लावलाय.

मार्च-एप्रिलच्या उन्हात आजीच्या साली गच्चीवर वाळत पडायच्या, सुपात, परातीत, जुन्या लुगड्यावर. कडकडीत वाळल्या की कुटून, चाळून डब्यात, दिवाळीच्या उटण्यासाठी. आणि आम्हाला साली हव्या असायच्या दिव्यांसाठी. रोज भांडण. "काहून नासवून राहिले बे पोट्टेहो, उटण्याले काय माती लावू का?" शेवटी तिनेच कायदा केला, साल मधोमध कापून दोन वाट्या अख्ख्या निघाल्या तर पोरांच्या, तुटली की आजीची. अपील नाही. एवढीशी चीर गेली तरी ती वाटी उजेडात धरून बघायची आणि खुशाल सुपात टाकायची.

त्यामुळे आमच्या घरात संत्रा खाणं हे ऑपरेशन असायचं. आधी नखाने मधोमध पट्ट्यासारखी रेघ मारायची, खोल नाही, नाहीतर फोड फुटते. मग अंगठा आत सरकवून गोल फिरवत फिरवत, श्वास रोखून, वरची टोपी काढायची, मग खालची वाटी. खालच्या वाटीत मधोमध पांढरा दोरा उभा राहिला तर त्यालाच वात करायची असं मोठी ताई सांगायची, पण आमच्या संत्र्याचं पोट पोकळ, तो दोरा कधी धड उभा राहिलाच नाही, तेलात लोळायचा. मग देव्हाऱ्यातली फुलवात पळवायची आणि गोडेतेल घालायचं. वरच्या टोपीला कात्रीने चांदणी कापायची आणि ती दिव्यावर पालथी ठेवायची. चांदणी लहान झाली तर साल करपते आणि घरभर जळका वास, मोठी झाली तर नुसतंच भोक दिसतं, पण नीट जमली की आख्खी साल आतून पेटल्यासारखी होते, सालीवरचा टिपका न् टिपका दिसतो, आणि तेल तापलं की जो वास सुटतो ना... मेणबत्तीवाले आता त्या वासाचे सातशे रुपये घेतात आणि तो वास तो नसतोच.

दादाची साल कायम तुटायची. मला वाटतं मुद्दाम, कारण त्याला दिव्यात रस नव्हता, त्याला स्फोटात होता. लाइन गेली की मेणबत्तीपाशी बसून सालीचा तुकडा ज्योतीकडे धरून चिमटायचा, फुर्रर्र करून ठिणग्या. सालीतलं तेल पेट घेतं हे शाळेत कुणी शिकवलं नाही, दादाने शिकवलं. तेच तेल चोळून वाढदिवसाचे फुगेही फोडायचा, न टोचता, आणि मग साळसूदपणे कोपऱ्यात उभा. उरलेलं माझ्या डोळ्यात.

एका वर्षी मात्र त्याने आजीच्या वाट्याचे तुकडे चोरून, पेनाच्या टोपणाने गोल गोल टिकल्या पाडून, सुईदोऱ्यात ओवून तोरण केलं. दारावर लावलं तेव्हा काय दिसत होतं! चार दिवसांत टिकल्या वाळून आखडल्या, तपकिरी झाल्या, लांबून बघणाऱ्याला सुकी मिरची वाटायची. उन्हात टांगलं होतं ना, सावलीत वाळवलं असतं तर रंग थोडा तरी टिकला असता. आजी काही बोलली नाही. दिवाळीच्या आधी तेच तोरण उतरवून, दोरा ओढून काढून, कुटून उटण्यात घातलं. आम्ही पहिल्या अंघोळीला दाराचं तोरण अंगाला लावून घेतलं म्हणायचं.

हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, दिवाळीला एलईडीची माळ आणलीये की आपण. आणलीये, खरंय.

तर किनोचा पार चिवडा झाला. फोडी त्याने खाल्ल्या, गोड होत्या म्हणे. उटणं आता पाकिटातलं येतं, पंधरा रुपयाला, त्यात काय असतं देव जाणे. तुकडे मी ताटलीत पसरून खिडकीत उन्हाला ठेवले. संध्याकाळी तो ताटली उचलून विचारतो, हे ओल्या कचऱ्यात टाकू का?

म्हटलं, नको. ते आपले नाहीत.