सोबतच्या माणसासाठी 21 किलोमीटर, बडोद्यात

कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट फुकट मिळतं, आणि सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत असते. बडोद्याच्या मॅरेथॉनसाठी पैसे गोळा करायला लागलो नसतो, तर हे मला कधी कळलंही नसतं. पण गाडीतून उतरल्यावर काय? रेडिएशन एका वेळी काही मिनिटांत उरकतं, मात्र तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरला ते आठवड्यातले पाच दिवस, असं सहा-सात आठवडे घ्यावं लागतं. आयुष्मान कार्डावर हॉस्पिटलचा वर्षाला 5 लाखांपर्यंतचा खर्च भागतो. पण मुंबईत परळला, टाटा हॉस्पिटलजवळ घेतलेल्या खोलीचं भाडं, डबा, टॅक्सी कोण देणार? सोबत आलेल्याची मजुरी बुडते ती वेगळीच. मी ज्या छोट्या संस्थेसाठी पळणार होतो, ती एवढंच बघते: त्या सोबतच्या माणसाची झोपायची आणि जेवायची सोय.

पळणं परवडलं, मागणं नको. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन टाकलं की अंगठे भरभरून येतात, पैसे येत नाहीत. भल्या पगाराचे मित्र 'टायमिंग किती काढणार?' एवढंच विचारून गप्प. आमच्या इस्त्रीवाल्याने मात्र कपड्यांचा गठ्ठा देता देता 500 रुपये हातावर ठेवले. त्याच्या वहिनीचं सगळं त्याने पाहिलं होतं. ज्यांच्या घरून कोणी या वाटेने गेलंय त्यांना समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांना सांगूनही फारसा फरक पडत नाही, हे माझं मत झालंय, आणि ते थोडं कडवट आहे हेही मला कळतं.

बोरिवलीला गाडीत चढलो तर समोरच्या बाकावर एक जोडपं, परळहून बडोद्याला घरी निघालेलं. काकांच्या नाकात नळी, गालाला चिकटपट्टीने चिकटवलेली. वापी गेल्यावर काकूंनी थर्मासमधलं मुगाचं पाणी वाटीत ओतलं, चहाच्या गाळणीने दोनदा गाळलं, बोटाने गरम-गार बघितलं आणि मोठ्या सिरिंजने हळूहळू नळीत सोडलं. गाडी हलत होती, पण एक थेंब सांडला नाही. नंतर साधं पाणी सोडून नळी धुतली, झाकण लावलं, मग स्वतःची पुरचुंडी उघडली. थेपले मलाही दिले. "आम्ही बाबाजीपुऱ्यातले. तुम्ही कोणाकडे?" मी दांडिया बाजारातल्या आत्याचं नाव सांगितलं, तर ओळख निघालीच. बडोद्यातल्या मराठी माणसांचं हे नेहमीचं आहे. नर्मदेचा पूल आला तसा काकूंनी खिडकीतून एक रुपया टाकला. मी पळायला चाललोय हे सांगावंसं वाटेना. शेवटी त्यांनीच बॅगेवरचा बिल्ला वाचला.

आत्याने रात्री मऊ भात आणि मेतकूट वाढलं. "उद्या पळणार म्हणून तिखट नाही. आमच्याकडचं ऊन तुला फावेल ना?" आतोबा जुने अकाउंटंट. त्यांना पळण्यात रस नाही. लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब केलाय, त्यामुळे बूट घालून रस्त्यावर धावणं हा त्यांच्या मते व्यायामच नव्हे.

पहाटे नवलखी मैदानावर ही गर्दी! मागे लक्ष्मीविलास राजवाडा, 1890 साली पुरा झालेला, अंधारात नुसताच आकार. सुरुवातीचे किलोमीटर गप्पांत गेले. काळ्या घोड्याजवळ विश्वामित्रीच्या पुलावर प्रत्येक पाहुण्याप्रमाणे मीही कठड्यावरून मगर दिसते का बघितलं. नाही दिसली. कमाटी बाग, पुढे युनिव्हर्सिटीचा तो भला थोरला घुमट, आणि मग ऊन.

परतीच्या वाटेवर एका कोपऱ्यात पानाचा गल्ला उघडला होता. गुजरातमध्ये गुटख्याला 2012 पासून बंदी आहे, पण माव्याचं तसं नाही. गल्लेवाला प्लास्टिकच्या चौकोनी तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घेऊन तळहातांत चोळत होता. माझ्या टी-शर्टावर 'कॅन्सर' असं ठळक छापलेलं. त्याने ते वाचलं, "दोडो भाई, दोडो!" असं मनापासून ओरडला, आणि टाळ्या वाजवायच्या म्हणून मावा क्षणभर मांडीवर ठेवला. त्याच्यावर चिडावं तर कसं? पुढचे दोन किलोमीटर तेच डोक्यात होतं. पोटऱ्या कधी आखडायला लागल्या ते त्यामुळे जरा उशिरा कळलं.

शेवटचं अंतर निम्मं चालत, निम्मं रडतखडत. पदक घेऊन थेट सेव उसळीच्या गाडीवर. तर्री एवढी जहाल की नाक-डोळे एकदम वाहायला लागले, आणि तरी जादाचा पाव मागितला.

घरी आतोबा पाकीट घेऊन बसले होते. आत 2100 रुपये.

"पावतीवर 80जी आहे ना?"

"आहे. पण आतोबा, रोख 2000 च्या वर गेलं की आयकरात वजावट मिळत नाही."

"मला शिकवतोस?" त्यांनी शंभराची नोट काढून माझ्या खिशात कोंबली. "2000 ची पावती कर. हे तुझ्या सेव उसळीचे."

मी ते शंभरही संस्थेला पाठवले, पण माझ्या नावावर.