आम्लाने धुतलेल्या सक्रिय कोळशाची सच्छिद्रता : आधी राखेचा हिशेब

सक्रिय कोळसा (असंख्य बारीक छिद्रांचा शोषक कोळसा) आम्लाने धुतला की त्याची आयोडीन संख्या, म्हणजे एक ग्रॅम कोळसा किती मिलिग्रॅम आयोडीन शोषतो तो आकडा, वाढते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे; पण ती वाढ खरोखर मोकळ्या झालेल्या छिद्रांची की नुसती राख (कोळशातला न जळणारा खनिज भाग) निघून गेल्याची, हा प्रश्न या टप्प्यात हाती घेतला आहे. कोळशात 10 टक्के राख असून त्याचे पृष्ठफळ ग्रॅममागे 900 चौरस मीटर असेल, तर सगळी राख काढताच, एकही नवे छिद्र न उघडता, तोच आकडा 1000 होतो. म्हणून आता प्रत्येक नमुन्याची राख धुण्याआधी आणि नंतर मोजतो व सगळे आकडे राखविरहित वजनावर काढतो.

धुण्यासाठी 5 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल कोमट करून वापरले. दगडी कोळशापासून केलेल्या नमुन्यात आम्ल पडताच कार्बोनेटमुळे बारीक बुडबुडे आले आणि लोह विरघळू लागल्यावर वरचे पाणी पिवळसर झाले. करवंटीच्या कोळशात असे फारसे काही दिसले नाही. त्यातले पोटॅशियमचे क्षार बऱ्याच अंशी गरम पाण्यानेच निघतात. सिलिका मात्र या आम्लाला दाद देत नाही. तिच्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते, आणि ते छंदाच्या टेबलावर कधीही आणू नये. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने खळबळताना निथळात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढरा गढूळपणा येईनासा होईपर्यंत थांबलो नाही, कारण पीएच पट्टी त्याच्या बरीच आधी समाधान मानते.

खरी मेख आयोडीनच्या चाचणीतच आहे. प्रमाण पद्धतीत आयोडीन घालण्यापूर्वी नमुना 10 मिलिलिटर 5 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात 30 सेकंद उकळतात, जेणेकरून गंधकाचा अडथळा दूर व्हावा. म्हणजे ज्याला आपण ‘न धुतलेला’ म्हणतो, तो नमुनाही चंचुपात्रात थोडाफार धुतला जातोच, आणि क्षारांनी बुजलेली जी छिद्रे आपल्याला तपासायची असतात त्यांतली काही तिथेच मोकळी होतात. त्यामुळे मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाची जोडचाचणी आम्लाशिवाय केली. या रंगाचा रेणू आयोडीनपेक्षा मोठा असल्याने ही चाचणी अधिक रुंद छिद्रांचा अंदाज देते. राखेची दुरुस्ती केल्यावर करवंटीच्या कोळशातला फरक जवळजवळ नाहीसा झाला. दगडी कोळशाच्या नमुन्यात तो टिकला. न धुतलेला कोळसा अल्कधर्मी असतो आणि अल्कधर्मी द्रावणात हा रंग उलट जास्तच शोषला जातो, तेव्हा इथली वाढ पीएचच्या खात्यावर टाकता येत नाही.

नायट्रिक आम्लाची गोष्ट निराळी आहे. ते राख विरघळवतेच, शिवाय कार्बनचे ऑक्सिडीकरणही करते. छिद्रांच्या तोंडाशी कार्बॉक्सिलसारखे ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट बसून 2 नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रे अरुंद होतात. तीव्र व गरम आम्लात भिंतीच खचू शकतात. माझ्या नमुन्याची आयोडीन संख्या राखविरहित वजनावरही उतरली. धातूंचे आयन पकडायचे असतील तर हे गट उपयोगीच, म्हणून या घसरणीला मी सरसकट नुकसान म्हणणार नाही. कार्बॉक्सिल गट साधारण 200 ते 400 अंश सेल्सिअसमध्ये कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतात. तेव्हा पुढच्या खेपेला हाच नमुना हवा लागू न देता झाकणबंद मुशीत तापवून पुन्हा मोजणार आहे. आकडा वर आला तर तोंडे बुजली होती, आणि खालीच राहिला तर भिंती गेल्या असा संशय बळावेल.