सांधा दिसता कामा नये

दिवाळी आली की तुळशीबागेत रांगोळीच्या रंगांच्या राशींशेजारी एक नळी विकायला असते. अंगभर बारीक भोकं पाडलेली. आत रांगोळी भरायची, फरशीवरून सरळ ढकलायची, मागे वेलबुट्टीची पट्टी उमटत जाते. नळीचा व्यास चार सेंटिमीटर असेल तर दर साडेबारा सेंटिमीटरला तीच वेल पुन्हा येते, पण सुरुवात कुठली ते सापडत नाही. नळीला कडाच नसते ना! वेबसाइटच्या पार्श्वभूमीला लावायच्या चित्राच्या तुकड्याला मात्र चार कडा असतात, आणि सगळी कटकट तिथूनच सुरू होते.

ब्राउझर गवंड्यासारखा. एक फरशी दिली की शेजारी तीच, खाली तीच, पान संपेपर्यंत. फरश्या जुळतात की नाही हे बघणं त्याचं काम नाही.

समजा, जुन्या वाड्यातल्या खरखरीत शहाबादी फरशीचा पोत हवा आहे. फोटो सावलीत काढावा, मोबाइल फरशीला समांतर धरून. तिरका धरला तर एका बाजूचे दाणे मोठे येतात आणि मग काही केल्या जुळत नाहीत. त्यातून ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा चौकोन कापायचा. ५०० नको, कारण जेपेग हा फोटो साठवण्याचा प्रकार चित्राचे आठ-आठ पिक्सेलचे चौकोन पाडून ते दाबतं. ५०० ला आठाने पूर्ण भाग जात नाही, आणि कडेच्या अर्धवट चौकोनात कधी कधी पुसटशी रेघ उमटते. मग फोटोशॉप किंवा गिंप या चित्रं सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘ऑफसेट’, म्हणजे चित्र सरकवणं: दोन्ही दिशांना २५६, आणि बाहेर गेलेला भाग पलीकडून आत घ्यायचा. मूळच्या चारही कडा मध्यभागी येतात आणि अधिकच्या चिन्हासारखा सांधा दिसतो. तो हीलिंग ब्रशने, म्हणजे आजूबाजूचा पोत उचलून डाग झाकणाऱ्या ब्रशने, बुजवायचा. नव्या कडांना मात्र हात लावायचा नाही, त्या आधीच एकमेकींशी जुळलेल्या आहेत. शेवटी शंभर-दीडशे पिक्सेल पुन्हा सरकवून खात्री करायची.

एवढं करूनही पान पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. हा उजेडाचा गुन्हा. फोटोची डावी बाजू खिडकीकडे होती, उजवी भिंतीकडे. मूळ तुकड्यात जाणवलंही नसेल, पण शेजारी शेजारी लावल्यावर उजळ-काळपट लाटा उठतात. म्हणून ब्रशच्या आधी ‘हाय पास’ फिल्टर लावून उजेड सपाट करावा.

सांधा बुजवणं तसं सोपंच. अवघड असतो तो डाग. फरशीवर एकच पांढरा ठिपका असला की १९२० बाय १०८० च्या पडद्यावर तो आठेक वेळा दिसतो, कवायतीला उभ्या पोरांसारखा रांगेत. एकदा दिसला की डोळा दुसरं काही बघतच नाही. म्हणून चांगल्या तुकड्यात लक्षात राहण्यासारखं काहीही नसावं. नक्षीवाल्याला हे पटायला जड जातं. नक्षी काढलेलीच असेल, तर साडीवरच्या बुट्ट्यांसारखी दुसरी रांग अर्ध्या अंतराने सरकवावी. ६० पिक्सेलच्या तुकड्याची दुसरी प्रत सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) ३० पिक्सेल उजवीकडे आणि ३० खाली ठेवली की झालं. आणखी एक नामी युक्ती आहे: उभ्या रेघांचे दोन पारदर्शक थर, एकाचा तुकडा २९ पिक्सेल रुंद, दुसऱ्याचा ३७. दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे तीच जोडी पुन्हा जमायला १०७३ पिक्सेल जावे लागतात. तेवढ्यात मोबाइलचा पडदा संपतो.

ब्राउझरचा झूम ११० टक्क्यांवर नेला की तुकड्यांमध्ये कधी कधी केसाएवढी रेघ चमकते. पिक्सेल अपूर्णांकात गेल्याचा हा परिणाम, चित्राचा दोष नव्हे. मागे त्याच छटेचा सपाट रंग भरून ठेवला की रेघ त्यात मुरते. आणि या सगळ्यावर शेवटी कुणीतरी मजकूर वाचणार आहे: अक्षराचा आणि पोताचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातलं प्रमाण, निदान ४.५ ला १ हवा, तोही पोताच्या सरासरी छटेशी नव्हे. काळ्या अक्षरांसाठी सर्वांत गडद दाण्याशी मोजावा.

स्वस्तातल्या रांगोळीच्या नळीला, बाय द वे, सांधा असतोच. जिथे पत्रा चिकटवलेला तिथे भोकं पडत नाहीत. दर फेऱ्याला वेलीत बोटभर जागा कोरी राहते, आणि ती वाकून चिमटीनेच भरावी लागते.